मन झोपतं, शरीर जागं असतं

मॅडम, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आमच्याकडच्या नव्या डॉक्टरांना तुमचं नावही ठाऊक नाही. भूलशास्त्राची परीक्षा मी कॉलेजात पास झाले, पण भूल द्यायला शिकले तुमच्या हाताखाली, फ्रीगंजमधल्या त्या नर्सिंग होममध्ये. बाहेर रोज नवं दुकान उघडत होतं आणि आमच्याकडे परदेशी मॉनिटर आला होता. मी त्याच्यावर खूश, तर तुम्ही म्हणालात, "पेशंट झोपला म्हणजे निवांत झाला असं समजू नकोस. मन झोपतं गं, शरीराला सुरी कळते. ते घाबरून आतून हार्मोन सोडतं, म्हणून तर माणूस तगतो."

ते मला खरं उमगलं भैरवगढच्या त्या बाईंमुळे. कापडावर ठसे मारायचं त्यांचं काम. पित्ताशयाचं ऑपरेशन सुरळीत चाललंय, आणि एकाएकी त्यांचं बीपी घसरायला लागतं. सर्जन रक्तस्राव शोधतायत, तो कुठेच नाही. सलाईन जोरात सोडलं, तरी बीपी चढेना. तुम्ही त्यांच्या सुजल्यासारख्या गोल चेहऱ्याकडे बघत राहता आणि मला म्हणता, "नवऱ्याला विचारून ये, पूर्वी कसली गोळी घ्यायच्या?" तो बाहेर बाकावर बसलेला. "दमे की गोली, मैडम. बरसों खाई. अब ठीक थी, तो पिछले महीने छुड़वा दी." मी धावत आत आले. "स्टेरॉइड, म्हणूनच चेहरा असा गोल," तुम्ही म्हणालात. "तेच हार्मोन बाहेरून आयतं मिळत होतं, शरीर बनवायचंच विसरलं. हायड्रोकॉर्टिसोन दे, लवकर." थोड्या वेळाने बीपी सावरलं.

पण मला तुम्ही मोठ्या वाटलात त्या नंतर. सर्जन म्हणाले, "जाने दो, बच गई ना." तुम्ही ऐकलं नाहीत. नवऱ्यासमोर उभ्या राहिलात आणि म्हणालात, "मैंने पूछा था कौन सी दवा चालू है. बंद क्या हुई, यह नहीं पूछा. गलती मेरी है." तो म्हणाला, "आपने बता दिया, बहुत है." तेव्हापासून दोन्ही प्रश्न विचारल्याशिवाय मी कुणालाही टेबलावर घेतलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात माझंच ऑपरेशन आहे. घरी सगळ्यांना सांगितलंय, यात काय, रोजचंच आहे. मॅडम, मला भीती वाटतेय.