पलीकडे पाळ नसलेलं पाणी

बाई, समुद्राला खरंच पलीकडची पाळ नसते. तुम्ही सांगितलं होतं तसंच. मी माझ्या डोळ्यांनी बघून आले, आणि आल्यापासून कोणाला तरी सांगायचं राहून गेल्यासारखं वाटत होतं. धुणं झालं, बॅगा माळ्यावर गेल्या, पुरीचा प्रसाद शेजारीपाजारी वाटून झाला, तरी ते राहिलेलंच. आज देवापुढची वात सारखी करताना उमगलं, सांगायचं आहे ते तुम्हाला. तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होत आली. म्हणून घरखर्चाच्या वहीची मागची कोरी पानं काढून बसले आहे. चूकभूल असेल तर लाल शाईने खूण करायला तुम्ही नाही, तेवढं बरं.

झालं असं, की यंदा सव्वीस जानेवारी सोमवारी आली. शनिवार-रविवार जोडून मुलाला तीन दिवस सुट्टी. वर्षानुवर्षं आम्ही सुट्टी म्हणजे नागऱ्याच्या महादेवाला जाऊन येणारी माणसं. घरून डबा न्यायचा, दर्शन घ्यायचं, दिवेलागणीला परत. पण यंदा त्याने स्वयंपाकघरात येऊन जाहीर केलं, "कलकत्त्याले जाऊ. मोठं शहर आहे, ट्राममधी बसू." आमचे हे तेव्हाच त्याच्या पार्टीत गेले. हावड्याचा पूल बघायचा, हे त्यांनी लग्नाच्या आधीपासून ठरवलेलं. सून म्हणाली, नाही, पुरीला जाऊ, समुद्र बघू. नात तर "समुद्र, समुद्र" करत ओट्याभोवती फिरायलाच लागली. मुलगा म्हणाला, "तीन दिवसातला अर्धा टाइम गाडीतच जाईन." सून पोळी लाटता लाटता म्हणाली, "मंग कलकत्त्याले काय बिरसीच्या इमानतळावून इमान उडवत नेता का तुमी?" हे खो खो हसले. दोन मतं इकडे, दोन तिकडे. मुलगा म्हणाला, "आईचं काय विचारता? आई बाबाइच्या मागं." आणि त्याचं काही चुकलं नव्हतं, बाई. "तुम्ही म्हणाल ते" हे मी या घरात इतक्या वेळा बोलले आहे, की आता न बोलताही ते ऐकू जातं. पण नातीला शाळेची सवय. ती म्हणाली, "आजीनं हात कुठी वर केला अजून?"

आणि मला तुम्ही दिसलात.

सहावीत तुम्ही आम्हाला बोदलकसाच्या तलावावर नेलं होतं. भूगोल पुस्तकात मावत नाही म्हणायच्या तुम्ही. बांधाच्या पाळीवर सगळ्यांना रांगेने उभं केलंत आणि समोर बोट दाखवून म्हणालात, "तो डोंगर पुसा डोळ्यातून. पलीकडची पाळ पुसा. उरला तो समुद्र." आम्ही डोळे बारीक करून पुसत राहिलो. माझा डोंगर काही जागचा हलेना. कोणीतरी मागून विचारलं, "बाई, तुमी पाहिला का समुद्र?" तुम्ही पदराने तोंड पुसत हसलात. "नाही ना बापा. मी पण पुसूनच राहिली."

मग दहावी. सहलीसाठी तुम्ही हेडमास्तरांशी भांडून दोन नावं आणलीत, नागपूर आणि पुरी. वर्गात उभ्या आहात, हातात खडू, साडीवर खडूची पूड. "कोणाले कुठं जाचं आहे, हात वर करा." नागपूरला चौदा हात. पुरीला तेरा, आणि त्यातला एक तुमचाच, खडूसकट वर गेलेला. सगळ्या वर्गात हात खाली एकटीचा, माझा. तो वर गेला असता तर बरोबरी झाली असती, आणि मग तुमचंच चाललं असतं. तुम्ही माझ्या बाकापाशी आलात. "तुले काहीच नाही पाहिजे का, पोरी? देवानं हात कायले देला? सारवालेच का?" वर्ग हसला. मी दोन्ही हात अंगाशी घट्ट धरून बाकाकडे बघत राहिले. आम्ही नागपूरला गेलो. वाघ आपल्या जंगलात होताच, पण पिंजऱ्यातला बघायला एवढ्या लांब गेलो. वाटेत तुम्ही चिवडा वाटलात आणि माझ्या हातावर दुसऱ्यांदा मूठ ठेवलीत. राग धरणं तुम्हाला जमायचंच नाही. पुढे तुमचे गुडघे गेले आणि पुरी राहिलीच.

तर स्वयंपाकघरात सगळे माझ्याकडे बघत आहेत. उजवा हात मनगटापर्यंत कणकेत. मी डावा वर केला. सरळ, कान झाकेल असा. "पुरी," मी म्हटलं. हे म्हणाले, "काऊन वो? छत पाडतेस का?" मी म्हटलं, जगन्नाथाचं दर्शन होईल. मला वाटलं, देवाचं नाव घेतलं की विषय मिटला. पण हे काय कमी आहेत? "कालीमाता आहे ना कलकत्त्याले! देव तिकडंही आहे." मुलगा म्हणाला, "पाहा, बाबा जिंकले." आणि खरंच, देव तर दोन्हीकडे होता. आता पुढे करायला माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. हात अजून वरच होता, आणि दुखायला लागला होता. मी म्हटलं, "मले समुद्र पाहाचा आहे." एवढंच. सुनेच्या हातातलं लाटणं थांबलं. हे माझ्याकडे असे बघत राहिले, जशी मी बंगालीत बोलले. मग मुलाला म्हणाले, "काढ रे टिकटा. पूल कुठी पळून नाही जात."

गाडी पोचली दुपारी. बॅगा खोलीत टाकल्या आणि मी आधी देवळात न जाता सरळ पाण्याकडे निघाले. आयुष्यात पहिल्यांदा देव मागे आणि मी पुढे. मागाहून कोणी सांगितलं की तिथे दर्शनाआधी समुद्रात स्नान करतात. म्हणजे माझी बाजू देवानेच सांभाळली. बाई, केवढं पाणी! आणि सारखं बोलतं. हे तुम्ही सांगितलं नव्हतं, तुम्हाला तरी कुठून ठाऊक असणार? आपला तलाव गप्प असतो. आमचे हे धोतर वर खोचून उभे, म्हणाले, "एवढं पाणी, अन् धानाले एक थेंब कामाचा नाही!" मी वाकून हात जोडले, ओंजळ भरली आणि तीर्थ म्हणून घोट घेतला. खारट! परीक्षेत लिहिलं होतं, तुम्ही पूर्ण मार्क दिले होते. पण ओंजळ भरली की ती तोंडाकडे जाते, त्याला मार्क काय करणार? नात ओरडली, "आजी, ते प्याचं नसते!" सून माझ्या पाठीवर थापट्या मारते आहे, लाट येऊन आम्हा दोघींना गुडघ्यापर्यंत भिजवते आहे, आणि मी हसते आहे, ठसका लागेपर्यंत. मग सगळे शिंपले वेचायला गेले तेव्हा मी उलटं करून बघितलं. जिथे काहीच नव्हतं तिथे डोळ्यांनीच बोदलकसाचा डोंगर काढला, पाळ काढली, पाळीवर आमची रांग आणि पुढे तुम्ही, पदर डोक्यावर, बोट माझ्याकडे. पुसण्यापेक्षा काढणं सोपं गेलं.

हे पान वहीतच राहणार. पण एवढं लिहिलंच आहे तर तेही लिहिते, जे तेव्हा बोलता आलं नाही. मला काहीच नको आहे असं तुम्हाला वाटलं, तसं नव्हतं, बाई. मला पुरीच हवी होती. त्या दिवशी सकाळी माझ्या पोलक्याची उजव्या काखेतली शिवण उसवली होती, आणि मागच्या बाकांवर मुलगे बसले होते. डावा हातही चालतो, हे सुचलंच नाही.