गोड्या पाण्याच्या तीन पाळ्या

३ फेब्रुवारी
वहिनीच्या शेताची माती आमच्या प्रयोगशाळेत तपासली. मीठ भरपूर! बांध घालून समुद्राकडून मिळवलेली जमीन, दुसरं काय निघणार? सामू, म्हणजे पीएच, मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलंय, आणि वहिनीचा रोज फोन — "झालं का गं बाई?" घरचंच काम म्हणून अहवालात शेजारच्या शेताचा सामू लिहून टाकला. सल्ला लिहिला: गोड्या पाण्याच्या तीन पाळ्या द्या, मीठ धुऊन निघेल.

२६ फेब्रुवारी
तिन्ही पाळ्या झाल्या. दादा गेल्यावर पहिल्यांदाच वहिनीने स्वतः बियाणं निवडलं. "हे असते ना, तर ऐटीत दाखवलं असतं!"

११ मार्च
शेतावर गेले. पाणी मुरतच नाही! गढूळ, जागच्या जागी. सुकलेल्या कडेला कुदळ मारली तर ठण्ण. वहिनी म्हणते, "माझाच हात सैल. पाणी जास्त झालं."

१२ मार्च
यंत्र आलं. तिच्या मातीची उरलेली पिशवी काढली. सामू साडेनऊ — चोपण, सोडियमने भरलेली! अशा जमिनीत आधी जिप्सम, मग पाणी. नुसत्या पाण्याने मीठ गेलं, सोडियम राहिलं, मातीची भोकं बुजली. नव्या पोरींना दरवर्षी मीच घसा फोडून शिकवते हे. आणि स्वतःच्या वहिनीला —! लाज वाटते.

१३ मार्च
सांगायलाच गेले होते. तिथे कोळंबीवाला ठाण मांडून बसलेला. त्याला तळ्यासाठी शेत हवंय. "मेलेल्या जमिनीत बी कशाला घालता, वहिनी?" ती म्हणाली, "मेली की नाही, ते आमची ही सांगेल." दोघं माझ्याकडे बघायला लागले. त्याच्यासमोर माझी चूक सांगायची? म्हटलं, बघू.

१७ मार्च
हिशोब मांडला. जिप्सम घातलं तर दोन हंगामांत जमीन ताळ्यावर येईल. नक्की येईल! उद्या सांगते.

१८ मार्च
गेले नाही. साहेबांची तपासणी होती. — खोटं. तपासणी दुपारीच संपली.

२० मार्च
गेले. कोळंबीवाल्याने बांधाला तोंड पाडलंय. खाडीचं पाणी शेतभर. वहिनीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "त्या दिवशी तुझा चेहरा बघूनच ओळखलं मी. जमीन गेली हे तुझ्याच्याने मला सांगवेना. एवढी माया कोण करतं गं?"