मीनाक्षीबाई टायगर मॉथमध्ये बसतात

कुंभकोणम्,
बुधवार, २१ जानेवारी १९५३

माझ्या प्रिय सेतू,

तुझं पत्र येऊन महिना होऊन गेला आणि मी उत्तर दिलं नाही, याचा राग आला असेल तर येऊ दे. मला त्याची लाज वाटतेच आहे. तू एकच गोष्ट विचारली होतीस. कानपूरच्या तुझ्या साहेबांनी पायलटच्या निवडीसाठी तुझं नाव पाठवायचं ठरवलंय, चोवीस तारखेच्या आत तुझा होकार हवा, आणि तो होकार माझ्यापाशी अडकलाय, कारण दहा वर्षांपूर्वी देवीपुढे तू माझ्यापाशी शपथ घेतलीस की मी कधी विमान उडवणार नाही. ते पत्र मी रोज वाचते आणि रोज पुन्हा तांदळाच्या डब्यात ठेवते. तुझे अप्पा कॉफी पिताना नुसते डब्याकडे बघतात. पण त्याबद्दल शेवटी लिहीन. आधी मला दुसरंच सांगायचंय, आणि ते सांगेपर्यंत माझा जीव भांड्यात पडायचा नाही. रविवारी मी विमानात बसले. हो, तुझी आई. टायगर मॉथमध्ये, पुढच्या जागेवर, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून.

सुरुवात अप्पांनी केली. तंजावरच्या जुन्या विमानतळावर, लढाईच्या वेळी गोऱ्यांनी बांधलेल्या त्याच धावपट्टीवर, विमानांचं प्रदर्शन होणार अशी बातमी पेपरात आली होती. एरवी अप्पा पेपर मनात वाचतात. त्या दिवशी मी वाल सोलत बसले होते तिथे येऊन त्यांनी ती बातमी मोठ्यानं वाचली, विमानांच्या नावांसकट. फ्लाइंग क्लबची टायगर मॉथ, हवाई दलाची स्पिटफायर, टेंपेस्ट आणि व्हँपायर. मग पेपराची घडी घालून म्हणाले की जायचं झालं तर चिंचेचा भात बरोबर घ्यावा लागेल. मी भात केला. शेजारच्या रुक्मिणीबाई म्हणाल्या मीही येते, यंत्र वर कसं जातं ते मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. अशी आमची तिघांची वरात पहाटेच्या बसनं निघाली.

तुला आठवतं का, ही नावं मला कुणी शिकवली ते? तू नऊ वर्षांचा होतास. तुमच्या शाळेच्या मास्तरांकडे हवाई हल्ल्याच्या पहाऱ्याचं काम होतं आणि वर्गात त्यांनी विमानांच्या काळ्या सावल्यांचा तक्ता लावला होता, खालून बघितलं तर कुठलं विमान कसं दिसतं त्याचा. तो घरी आणायची सोय नव्हती. म्हणून तू रोज दोन विमानं डोक्यात भरून आणायचास आणि मी सकाळी दारात कोलमची रांगोळी घालायला बसले की माझ्या ठिपक्यांवर बोट ठेवून सांगायचास, आई, इथून पंख, इथे शेपूट. सात ठिपक्यांत हरिकेन बसायचं. स्पिटफायरच्या पंखांना मात्र सरळ रेघ चालायची नाही. ते मी आपल्या विड्याच्या पानासारखे वळवून काढले, तेव्हा तू उडी मारलीस. मार्गळी महिन्यातल्या एका सकाळी मी दारभर हरिकेन घातलं, आणि तुझ्या आजीनं नेहमीच्या रिवाजानं शेणाचा गोळा करून त्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचून ते नेमकं पायलटच्या जागी ठेवलं. मास्तर तिकडून चालले होते. ते थांबले, आणि शत्रूला वरून दिसेल म्हणून पुसायला लावलं. आजी त्यांच्याशी भांडली. शत्रूला दिसलं तर त्याला कळेल तरी की या घरातल्या बाईला येतं काहीतरी, असं तिचं म्हणणं. तू इतका हसलास की तुला उचकी लागली.

तर तंजावर. सेतू, काय गर्दी लोटली होती. तिरुवैय्यारपासूनचे लोक बैलगाड्या जुंपून आलेले, कुणी पोरं खांद्यावर घेतलेली. पहिल्यांदा दोन टायगर मॉथ आली, पिवळी, एकावर एक पंख, आणि इतकी हळू की रुक्मिणीबाईंना वाटलं ती थांबलीच. मग व्हँपायर आलं. त्याला पंखा नाही, शेपट्या दोन. ते दिसलं तेव्हा आवाज नव्हता आणि आवाज आला तेव्हा ते गेलेलं होतं. रुक्मिणीबाई आवाजाच्या जागी बघत राहिल्या आणि शेवटपर्यंत त्यांना ते सापडलं नाही. भोंग्यावर एक गृहस्थ कागदावरून नावं वाचत होते, पण विमानं कागदाच्या क्रमानं येईनात. एक जाडजूड विमान डोक्यावरून गर्जत गेलं आणि ते गृहस्थ म्हणाले, स्पिटफायर. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, डोळे फुटले का याचे, स्पिटफायरचं नाक निमुळतं असतं, हे नारळासारखं गोल आहे, हे टेंपेस्ट. जरा मोठ्यानंच म्हटलं असावं. पुढे उभा असलेला खाकीतला एक तरुण वळला. त्यानं तमिळमध्ये विचारलं, मामी, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मला वाटलं थट्टा करतोय. मी खाली बसले आणि धुळीत बोटानं ठिपके घातले, नऊ आडवे, मध्ये पाच उभे, आणि दोन्ही विमानं शेजारी शेजारी काढून दाखवली. गर्दीनं रिंगण केलं. रुक्मिणीबाई कानाशी लागल्या, “अस्के लोक, सगळेच, बघताहेत, मीनाक्षी, पदर सावर.” मी पदर सावरला आणि टेंपेस्टची शेपूट पुरी केली.

तो तरुण म्हणजे महालिंग, फ्लाइंग क्लबात शिकवणारा, मूळचा आपल्या तिरुविडैमरुदूरचा. त्यानं ती धुळीतली चित्रं न पुसता ओलांडली आणि विचारलं की मामी, वर येता का. मी अप्पांकडे बघितलं. मला वाटलं ते नाही म्हणतील आणि माझी सुटका होईल. त्यांनी माझ्या हातातला भाताचा डबा काढून घेतला. मग काय, आता नाचायचं ठरलं तर घुंगट कशाला. केसातली अबोली काढून रुक्मिणीबाईंकडे दिली, कारण चामड्याची टोपी अंबाड्यावर बसेना. अंबाडाही सोडावा लागला, चारचौघांत, या वयात. पंखावर काळी पट्टी असते तिच्यावरच पाय द्यायचा, बाकी सगळं कापड आहे, हे मी त्यालाच सांगितलं. तूच मला लिहिलं होतंस ते. माझ्या मागच्या जागेवर तो बसला आणि कानाला रबरी नळी लावली, तिच्यातून बोललेलं ऐकू येतं. पट्टे आवळले. पुढे कुणीतरी पंखा फिरवला आणि सगळं विमान थरथरायला लागलं, आणि मी राम म्हणायच्या ऐवजी तुझं नाव घेतलं.

जमीन सुटते ते कळतच नाही, सेतू. खडखड थांबते, एवढंच. मग बाजूला बघितलं तर माणसं तांदळाएवढी झाली होती. मोठ्या देवळाचं शिखर, जे बघताना माझी मान आजवर दुखत आली, ते खाली होतं आणि त्याची सावली तळ्यापर्यंत पडली होती. कापणी झालेली शेतं, न झालेली शेतं, मधूनमधून कावेरीचे फाटे चमकणारे. वारा तोंडात इतका शिरत होता की हसायला गेले तर हसू घशात परत जात होतं. मी ओरडले. काय ओरडले ते मला माहीत नाही, महालिंग म्हणतो मी मराठीत ओरडत होते. त्यानं नळीतून विचारलं की भीती वाटते का. मी म्हटलं आणखी वर चल. एवढा आनंद मला कधी झाला होता ते आठवायला लागले, आणि तुझ्या जन्माशिवाय दुसरं काही आठवेना. आणि मग त्यानं विमान एका अंगावर कलतं केलं, पंखाचं टोक खाली शेताकडे झालं, आणि माझ्या डोळ्यांपुढे तिरुनीलक्कुडीचं शेत आलं.

आपण दोघं तिथल्या त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोललोच नाही. त्रेचाळीस साल, आपण तिरुनीलक्कुडीच्या देवळातून परत निघालो होतो. ते विमान धूर सोडत आलं आणि भातात घुसलं. कुळांनी आतल्या पायलटला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता. गोरा पोर, वीस-एकविशीचा. उन्हानं त्याच्या कानांची सालं निघाली होती आणि त्यावर पांढरं मलम लावलेलं होतं. मला तेवढंच दिसत राहिलं, की आज सकाळी यानं आरशापुढे उभं राहून मलम लावलंय. मी रडत होते. तू रडला नाहीस. तू अकरा वर्षांचा पोर चिखलातून पुढे गेलास, तुटलेल्या पंखाला हात लावलास आणि मागे वळून मला म्हणालास, आई, हरिकेन. त्या आवाजाला मी घाबरले. मेलेल्या पोराला घाबरले नाही तेवढी त्याला घाबरले. तिसऱ्या दिवशी तुला तिरुक्करुगावूरला घेऊन गेले. लग्नानंतर सात वर्षं घरात पाळणा हलला नव्हता, तिथल्या गर्भरक्षांबिकेचं तूप खाल्लं आणि तू झालास, तेव्हा तू तिचाच, असा माझा हिशेब. तिच्या तुपाच्या वाटीवर तुझा हात दाबून धरला आणि तुझ्याकडून वदवून घेतलं. तू शब्द पाळलास. हवाई दलात इंजिनांचा फिटर झालास, आणि मी कटकट केली तेव्हा लिहिलंस की मी उडवणार नाही म्हणालो होतो, दुरुस्त करणार नाही असं नव्हतो म्हणालो. मी ते सगळ्यांना हसून सांगितलं. पण इतकी वर्षं दुसऱ्यांना उडवायला विमान सज्ज करून द्यायचं आणि आपण खाली उभं राहायचं, हे काय असतं ते मला रविवारपर्यंत कळलं नव्हतं. उतरताना मी महालिंगला विचारलं की तुझ्या आईला हे चालतं का. तो म्हणाला, नाही चालत. ती प्रत्येक प्रदर्शनाला येते आणि इंजिन बंद होईपर्यंत डोळे मिटून उभी राहते. खाली आल्यावर बघते तर अप्पा भाताचा डबा उघडायचा विसरून तसेच उभे होते. त्यांनी विचारलं, कसं होतं. मी म्हटलं, आपल्या मुलावर मी अन्याय केलाय.

काल मंगळवारी मी एकटीच तिरुक्करुगावूरला गेले. शपथ उतरवायला काय विधी लागतो ते विचारायला, अभिषेक म्हणा, उपास म्हणा, सांगतील ते करायच्या तयारीनं. देवळातल्या म्हाताऱ्या पुजाऱ्यांनी, गुरुक्कळांनी, सगळं ऐकून घेतलं आणि मुलगा केवढा आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं एकवीस. तेव्हा ते म्हणाले, अम्मा, या देवीचं काम नऊ महिन्यांचं. पोटातलं लेकरू सुखरूप बाहेर येईपर्यंत ती राखते, पुढचं ती कुणाकडे मागत नाही. मुलानं शब्द तिला दिला नाही, तुला दिला. सोडायचा तर तूच सोड. मी पायरीवर बसले ती उठेचना. अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन मी गर्भ राखणाऱ्या देवीकडे गेले होते, सेतू. तुला परत पोटात घालायला गेले होते, आणि तू माझं मन मोडू नये म्हणून दहा वर्षं तिथं मुकाट्यानं राहिलास. हे पत्र चोवीसच्या आत पोचायचं नाही, म्हणून आज सकाळी अप्पा तार करून आलेत, तीत होकार दे एवढंच आहे. पण तारेनं शपथ सुटत नाही. जिनं बांधली तिनं आपल्या हातानं सोडायची, म्हणून हे लिहिलं. मी तुला सोडलं. भीती मला वाटतेच आहे, ती जायची नाही, आणि ती माझी मी सांभाळीन, तू तिच्याकडे बघू नकोस. तू बाहेर ये, बाळा.

तुझीच, उशिरा शहाणी झालेली,
आई