धुऱ्यावरचे चार तास

मोहगाव, ९ जुलै २०२५

चि. हेमराज यास ताईचे अनेक आशीर्वाद. सौ. पूनमलाही.

पत्र पाहून हसशील, पण फोनवर आपण पाऊसपाण्याचं बोलतो आणि मुद्द्याचं राहून जातं. काल कुलदीप तिगावच्या वावरात खत टाकायला गेला होता. आल्यावर म्हणे, आई, मामाच्या अन् आपल्या मधात सोयाबीन निघालंच नाही, चार ओळींची, चार तासांची पट्टी उघडी पडली आहे. मी चक्रावून गेली. आपली दोघांची वावरं पेरतो त्या वामनच्या पेरणीयंत्राला हरेक तासाचा खटका वेगळा. खटका पाडला की त्या नळीतून बी पडत नाही, बाकीचे तास पेरत राहतात. माझ्या बाजूचे धुऱ्याजवळचे, बांधाला लागूनचे दोन तास मीच त्याला बंद ठेवायला सांगितले होते. मग उरलेले दोन कोणाचे? तू बंद केले? काहून? बाबांच्या जमिनीत मी हिस्सा मागितला तेव्हा तू हसत सही केली होतीस. आता मधात तार ठोकायची असेल तर सरळ सांग ना.

मनात आलं ते लिहिलं. उत्तर मात्र धाड.

तुझी ताई,
विजया

तिगाव, १४ जुलै

ती. विजयाताईस हेमराजचा शि. सा. न. वि. वि.

पूनमनं तुझं पत्र दोनदा वाचून दाखवलं, तरी डोक्यात शिरलं नाही. तार कोण ठोकून राहिलं? मीच तर तुझ्यावर रुसून बसलो होतो! मागच्या साली वळणावर यंत्र तिरपं झालं अन् माझे दोन तास तुझ्याकडे गेले. तू जाताना धुऱ्यावर किती वेळ उभी राहून पाहत होतीस. मला वाटलं, तुला ते खुपलं. म्हणून यंदा वामनला म्हटलं, ताईकडचे माझे दोन तास बंद ठेव. बी उगवलं तर चार उघडे! मला वाटलं यानं ऐकण्यात गडबड केली, म्हणून त्याच्यावर ओरडलो. तर तो म्हणे, दोन तुम्ही सांगितले, दोन ताईनं. वर म्हणे, मी समजलो तुम्हा बहीणभावाचं वाजलं, आपण मधात काहून बोलावं?

आता तूच सांग, तू काहून बंद केले? माझी सावलीही नको झाली का तुझ्या वावरात? हे लिहू नको म्हणून पूनम मागं लागली होती, तरी लिहिलं.

कमीजास्त पोटात घालशील.

तुझा
हेमराज

मोहगाव, २२ जुलै

चि. हेमराज यास आशीर्वाद.

अरे वेड्या, मी धुऱ्यावरून तुझं सोयाबीन नाही, बाबांनी लावलेला संत्रा पाहत होती. शेंड्याकडून वाळल्यासारखा वाटला, म्हणून जीव अडकला.

माझं ऐक. जामसांवलीच्या देवळात दोघी बाया मागं बसून बोलत होत्या, की भावाच्या तोंडचं काढून घेतलं हिनं. मी वळूनही नाही पाहिलं. पण पेरणीच्या वेळी वाटलं, तुझ्या वीतभर मातीवरही माझं बी पडायला नको. तेच वामनला सांगितलं. तुला सांगायला जीभ उचलली नाही.

गवत माजायच्या आधी या रविवारी तुरीचं बी घेऊन येते. त्या चार तासांत हातानं एकेक दाणा टोबून टाकू. जेवायला साधंच ठेव म्हणावं पूनमला, अन् माझ्यावरची माया आहे तेवढी राहू दे.

विजया

तिगाव, ४ ऑगस्ट

ती. ताईस नमस्कार.

तूर निघाली. तू गेल्यावर पूनमनं विचारलं, ही तूर कोणाच्या घरी जाणार? टोबताना आपण दोघं धुऱ्याचा दगड शोधत होतो, तुला तो बोरीजवळ वाटत होता, मला नाल्याकडे. शेवटी तू माझ्याकडे टोबत गेलीस अन् मी तुझ्याकडे. येणारेजाणारेही तेच विचारतात, मी काहीतरी सांगून देतो.

काल वामन आला होता. पुढच्या साली कोणाकडचे किती तास बंद ठेवायचे, आताच दोघांकडून लिहून द्या म्हणे. मी म्हटलं, एकही नाही. माझं बी ताईच्या वावरात पडलं तर ताई कापून नेईल. त्यानं काढलेला कागद परत खिशात घातला.

येत राहा.

तुझा
हेमराज