तू दिसशील एवढा टीव्ही

प्रिय शेपटे,

दोन लेकरांची आई झालीस, इमारतींचे नकाशे काढून काढून चष्म्याचा नंबर वाढला, हाताखाली माणसं आली, तरी मी तुला याच नावानं हाक मारणार. लहानपणी मी जिथे जाईन तिथे मागे मागे यायचीस, अगदी न्हाणीघराच्या दारापर्यंत. तेव्हा मला वैताग यायचा. आता कधी कधी चालता चालता मागे वळून बघते, असं लिहिलं तर तू हसशील, म्हणून ते लिहीत नाही. आणि पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे जागच्या जागी आहेत. फोनवर मला हल्ली मोकळं बोलता येत नाही, का ते पुढे येईलच. आधी टीव्हीचं रामायण ऐक. ते तुला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही.

हे खूळ आईचं. जी बाई दिवा गेला तर आधी दुसऱ्या खोलीतला काढून लावून बघते आणि मगच नवा आणू देते, ती एका सकाळी मला म्हणाली, "आपण मोठा टीव्ही घेऊ. भिंतभर. धाकटीशी बोलायला." मोबाइलवर तू तिला वाटाण्याएवढी दिसतेस म्हणे. तू केस कापलेस तेही तिला मी सांगितल्यावर कळलं होतं. तिची नजर कमी झाली आहे हे तुला ठाऊक आहे, मोतीबिंदूच्या वेळी तूच तिथून डॉक्टरांशी हुज्जत घातली होतीस. मी म्हटलं, अगं, आहे तो टीव्ही काय वाईट आहे? तर म्हणाली, "मला तिला एकदा नीट बघायचंय." तू शेवटची आलीस त्याला किती वर्षं झाली ते मोजणं मी सोडून दिलंय, पण तिनं सोडलेलं नाही.

मग वर्तमानपत्रात अख्ख्या पानाची जाहिरात आली. किंमत एवढ्या मोठ्या आकड्यांत छापलेली की कुणीही हुरळून जावं, आणि शेजारी तांदळाच्या कणीएवढी एक 'अटी लागू'ची चांदणी. त्या चांदणीनं आम्हाला दिवसा तारे दाखवले. ते दुकान म्हणजे चार मजली थंडगार प्रकरण, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे शर्ट, आणि दारातच टोकन. मी स्वतः दवाखान्याच्या खिडकीत बसून दिवसभर लोकांना टोकन देणारी बाई. मला टोकन देणारा भेटला, तेव्हा लोक माझ्याकडे तसं का बघतात ते समजलं. नंबर लागल्यावर पन्नाशीचा एक टायवाला विक्रेता आला. जाहिरातीतला टीव्ही विचारला तर म्हणाला, "तो संपला, मॅडम." दुकान उघडून तास झाला नव्हता! त्याच्याच शेजारचा, दिसायला अगदी तसाच, त्याची किंमत मात्र निराळी. ती कमी होते, पण एका ठरावीक बँकेचं कार्ड असेल तर, जुना टीव्ही चालू स्थितीत दिलात तर, आणि तेही आजच्या आज. मी मोबाइल काढून त्यांच्याच दुकानाच्या वेबसाइटवरचा भाव दाखवला, तो आणखी कमी होता. तर म्हणतो कसा, "ते ऑनलाइन, मॅडम. ते वेगळे." मी म्हटलं, नाव तर तुमचंच आहे की. "नाव एकच, पण सिस्टिम वेगळी." त्या दुकानात सगळं सिस्टिम ठरवते. किमतीच्या पाट्यासुद्धा आता कागदाच्या नाहीत, इवले इवले पडदे असतात, आणि आपण बघत असतानाच आकडा बदलतो. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय.

तेव्हा तुझी अशी आठवण आली म्हणून सांगू! टेपरेकॉर्डर घेतला होता ते आठवतं? बाबांना घासाघिशीची लाज, ते रस्त्याच्या पलीकडे दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे उभे राहायचे, आणि आपण दोघी दुकानात. तू भोळी, मी खवट. तुझं काम वस्तूच्या प्रेमात पडायचं, "ताई, किती छान आहे गं," असं दुकानदाराला ऐकू जाईल इतपत म्हणायचं. माझं काम नाक मुरडायचं: बटणं सैल आहेत, आवाज चिरका आहे, पलीकडच्या गल्लीत स्वस्त मिळतो. मग मी तुझा दंड धरून पायऱ्या उतरायला लागायचे, आणि तू पाय ओढत, मान वळवून, डोळ्यांत पाणी आणून मागे बघायचीस. ते पाणी तू कुठून आणायचीस देव जाणे. तिसऱ्या पायरीवर हाक यायचीच. एकदा तर दुकानदार म्हणाला होता, "मोठीला बाहेर ठेवा, धाकटीला मी फुकट देतो," आणि परतताना आपण दोघी हसून हसून रस्त्यातच बसलो होतो. बाबा म्हणाले, कार्ट्यांनो, उठा, लोक बघतायत. तसं हसणं त्यानंतर माझ्या वाट्याला फार आलेलं नाही.

तर त्या टायवाल्यासमोर मी माझं काम चोख केलं. कडा जाड आहेत, रंग भडक आहेत, आवाज डब्यातून येतो. पण भोळीचं काम करायला कुणी नव्हतं. आईकडून काही आशा होती, तर ती त्या झगझगत्या पडद्यांच्या भिंतीसमोर उभी राहून तोंड फिरवून भलतीकडेच, कपडे धुण्याच्या यंत्रांकडे बघत होती. टायवाल्याला वाटलं, म्हातारीला काही पसंत पडत नाही. "आजी, मग हा बघा," करत तो आम्हाला एकापेक्षा एक मोठ्या आणि महागड्या टीव्हीसमोर नेत गेला, आणि दर वेळी आई तशीच मान वळवून उभी. मला मनातून हसू येत होतं, कारण असा कसलेला खवट चेहरा मला जन्मात जमला नाही. शेवटी सगळ्यांत मोठ्या टीव्हीपाशी ती जवळ गेली, त्याच्या काठावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला आणि म्हणाली, "हा घेऊ. यात मावेल ती." माझं हसू तिथेच थांबलं.

त्यानं किंमत सांगितली आणि माझ्या पायांनी जुनं काम आपोआप सुरू केलं. "राहू दे," म्हणून मी आईचा दंड धरला आणि निघाले. सरकता जिना उतरले, मुद्दाम हळू. मागे कुणी वळून बघायचं ते काम आता माझ्याकडेच आलं होतं, तेही केलं. टायवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाला तेच पडदे दाखवत होता. काचेचं दार आपण होऊन उघडलं, आपण होऊन मिटलं. हाक तर सोडाच, रखवालदारानं पिशवी उघडून बघितली, काही न घेता निघालोय म्हणजे काही उचललं असेल असं त्याला वाटलं असावं. आम्ही दोघी बाहेर गाड्या लावतात तिथे कठड्यावर बसून राहिलो. आई म्हणाली, "बोलावतील ना गं?" मी म्हटलं, बोलावतील. बराच वेळ बसलो. ऊन अंगावर आलं, तेव्हा कुठे मी मुकाट्यानं उठले.

पुन्हा आत, पुन्हा टोकन. आणि आता ऐक कमाल: तेवढ्या वेळात तो भाव संपला होता! सकाळची सवलत दुपारी नाही म्हणे. मी भांडले, मॅनेजरला बोलावलं, तो आला, गोड हसला, आणि सिस्टिममध्ये येत नाही म्हणाला. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. शिवाय भिंतीला लावायची चौकट वेगळी, ती ठोकायची मजुरी वेगळी, वायर वेगळी, आणि जास्तीची वॉरंटी घेतली नाही तर टीव्ही आमच्यावर सूड उगवेल अशा सुरात दिलेला सल्ला तेवढा फुकट. वर बिल हातात देताना टायवाला म्हणतो, "मॅडम, मोबाइलवर मेसेज येईल, दहापैकी दहा द्या, नाहीतर आम्हाला बोलणी बसतात." त्याचा चेहरा असा केविलवाणा झाला होता की मी दिले. भोळी आणि खवट दोन्ही मीच झाले आणि दोन्हीकडून हरले. तू असतीस तर त्या सिस्टिमला पाझर फुटला असता असं मी म्हणत नाही. पण त्या कठड्यावर आपण तिघी बसलो असतो तर मला ते पैसे मुळीच लागले नसते. मला तू इथे हवी आहेस, एवढंच. घर मोठं आहे, तिन्ही खोल्यांत सामान आहे, आणि तुझ्याइतकं मला इथलं कुणी ओळखत नाही.

टीव्ही लागला, आणि पहिल्याच फोनला तू भिंतभर आलीस. तुझ्या कपाळावरची ती बारीक जखमेची खूणसुद्धा दिसली, झोपाळ्यावरून पडली होतीस ती. मी बघतच राहिले. आई खुर्चीत बसली, आणि तोंड खिडकीकडे. तू "आई, आई" करत राहिलीस, मुलांना पुढे केलंस, मग म्हणालीस, "इकडे बघ ना माझ्याकडे." त्यावर तिनं मान आणखीच वळवली. तू हसलीस, हवापाण्याचं काहीतरी बोललीस आणि काम आहे म्हणून फोन ठेवलास. पण मी तुझी ताई आहे, ते हसणं मला कळतं. पुढे तुझा मेसेज आला: "आई अजून रागावली आहे का गं? बाबा गेले तेव्हा मी पोचले नाही म्हणून?" मी उत्तर दिलं नाही, कारण खरं सांगायची मला बंदी होती आणि तुझ्याशी खोटं बोलणं मला जमत नाही.

आता ऐक. तिच्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली आहे. मोतीबिंदू नव्हे, हे आतल्या पडद्याचं आहे आणि यावर शस्त्रक्रिया नाही. समोर बघितलं की मधोमध करडा डाग दिसतो, कडेकडेनं काय ते थोडं दिसतं, आणि डाग वाढतोय. म्हणून ज्याला बघायचं त्याच्यावरून डोळे बाजूला न्यायचे, हे ती आपली आपण शिकली. दुकानात ती टीव्हीच बघत होती, आणि त्या दिवशी तू "माझ्याकडे बघ" म्हणालीस तेव्हा तिनं मान वळवली ती तुला नजरेत आणायला. रागावलेली नाही गं ती, ती तुला शोधत होती. फोन ठेवल्यावर मला विचारलं, "हसली की तिच्या गालाला खळी पडायची, ती पडते का अजून? मला सापडली नाही." एवढा मोठा टीव्हीही पुरला नाही. तुला कळलं तर सगळं टाकून धावत येशील, म्हणून फोनवर एक अक्षर बोलायचं नाही असा शब्द तिनं माझ्याकडून घेतलाय. पत्राचं काही ठरलं नव्हतं. तेव्हा सगळं टाक आणि ये. आणि आलीस की तिच्या समोर बसू नकोस, शेपटे. बाजूला बस, तिथे तिला दिसतं.

वाट बघणारी,
तुझीच ताई