डाव्या खांद्याचा टाका

१२ जानेवारी १९६०, दौंड
फलाटावर शिरूरच्या आप्पांनी हाक मारली. "काय रं काखफाड्या! झेंडी मातर झ्याक हालवतूस!" बारा वर्षं झाली, तरी तेच नाव. पुण्याच्या गाडीची गर्दी होती. आमचा पोर्टर तोंडावर हात धरून हसला. आणि मीही हसलो. आप्पांपेक्षा माझ्या त्या हसण्याचाच जास्त राग येतोय.
जेवलो नाही. जैबून विचारत होती काय झालं. पोट दुखतंय म्हणालो. बायकोला काय सांगणार, की गार्ड झालो तरी मी काखफाड्याच?

१३ जाने.
एकदाचं सगळं लिहून काढतो.
शिरूरला अब्बांचं शिवणाचं दुकान. अब्बा, थोरला युसूफभाई, मी. मी सतरा वर्षांचा. अब्बांनी कात्री खाली ठेवलेली, कापायचं सगळं भाई करायचा. मी काज, बटणं, आणि अब्बांच्या सुईत दोरा ओवणं. आप्पांचा लोकरी कोट कापला त्या दिवशी मी दुकानात नव्हतोच, पाबळला कपडे पोचवायला गेलो होतो. बाहीचा मुंढा दोन बोटं चुकीचा कापला गेला. आप्पा सोसायटीच्या कार्यक्रमाला तो घालून गेले, नमस्काराला हात वर केले, आणि दोन्ही काखा टर्रकन फाटल्या. गाव हसलं. दुसऱ्या दिवशी आप्पा बाजारात दुकानापुढे उभे. "कुनी कापला?" भाई म्हणाला, "धाकट्यानं." अब्बा मान खाली घालून बसले, जणू माझीच लाज वाटली त्यांना.
त्याच आठवड्यात घर सोडलं. सहा महिन्यांनी अब्बा गेले, ते मला नालायक समजूनच गेले. मातीला गेलो आणि आलो, दुकानात पाऊल नाही ठेवलं. मशीन, दुकान, अब्बांचं नाव, सगळं भाईकडे. मला काखफाड्या.

१६ जाने.
आप्पा पुण्याहून परतले. मी मुद्दाम गाठलं. "आप्पा, तो कोट हाय का अजून?"
"पेटीत हाय. असली लोकर आता मिळती व्हय? फेकवत न्हाई अन् घालवत न्हाई."
आप्पांच्या धाकट्या मुलाचं लग्न पंचवीस फेब्रुवारीला, मुलगा अंगानं काडी. मी म्हणालो, त्याच्या मापाचा करून देतो, वर कापला कुणी तेही दाखवतो. मग आमच्या दुकानची रीत सांगितली. जो कापील त्यानं डाव्या खांद्यात, अस्तराच्या आत, आपल्या रंगाचा एक टाका ठेवायचा. अब्बांचा पांढरा, भाईचा पिवळा, माझ्यासाठी ठेवलेला लाल. तो टाका कोटाबरोबर जन्मभर राहतो. त्या वेळी आप्पा रागानं कोट घेऊन गेले, म्हणून कुणी उसवून बघितलंच नाही.
"अन् लाल निघाला तर?"
"तर भर बाजारात कान धरून उभा ऱ्हातो."
आप्पांना असल्या गोष्टी फार आवडतात. अट घातली की डाव्या खांद्याचं अस्तर ते स्वतः उसवणार, २० फेब्रुवारीच्या बाजारात, भाईच्या दुकानापुढे, चार माणसांसमोर. मला तेच पाहिजे होतं.

२१ जाने.
कोट आला. डांबरगोळ्यांचा वास. पिवळा टाका आत झोपलाय. झोप म्हणावं, महिनाभर.

२४ जाने.
वेळ कुठून काढायचा? मालगाडीच्या गार्डाला दिवस नाही, वार नाही. घरी आलो की पोरं अंगावर. पण मेल पुढे काढायची असली की आमची मालगाडी लूपला बाजूला पडते. आज पाटसला दोन तास दहा मिनिटं. गार्डाच्या डब्यात मी, कंदील, झेंड्या आणि कोट. उजवी बाही उसवली. जुना दोरा कुजका, ओढला की सुटतो. एकेक टाका काढताना भाईचं तोंड आठवत होतो. शिवणकामात इतकी मजा कधी आली नव्हती.

२७ जाने.
यवत ४० मि. केडगाव १ ता. उजवा मुंढा खाली घेतला. सगळं हातानं, मशीन भाईच्या बापाचं ना!
(माझ्याही बापाचं. असो.)

३० जाने.
सलग अकरा तास ड्यूटी, गाडी कुठेही थांबली नाही. एरवी थांबली की शिव्या देतो, आज थांबत नाही म्हणून दिल्या. एक टाका नाही.

२ फेब्रुवारी
भिगवणला आमचे साहेब अचानक डब्यात चढले. माझ्या तोंडात सुई, मांडीवर बाही. "गार्ड, हे काय?" सुई तोंडात असताना सलाम कसा करायचा हे नियमांच्या पुस्तकात नाही. म्हणालो, साहेब, युनिफॉर्म फाटला. साहेबांनी लोकर चिमटीत धरून बघितली. "सरकार युनिफॉर्मला असलं कापड कधीपासून देतंय?" समज देऊन सोडलं. पुन्हा दिसलं तर रिपोर्ट.
म्हणजे आता एक कान रुळांकडे आणि एक डोळा दाराकडे ठेवून शिवायचं. शिवीन. सूड घ्यायचा तर थोडा त्रास होणारच.

५ फेब्रु.
जैबून म्हणाली, "अहो, पोरीचा झगा महिन्यापासनं फाटलाय, त्याला टाका घालायला वेळ न्हाई. अन् परक्याच्या कोटाला बरा घावतो."
खरं आहे. झग्याला दोन टाके घातले आणि परत कोट घेतला. ती भाकरी जोरात थापत होती.

८ फेब्रु.
शिरूरहून एस.टी.चा कंडक्टर निरोप घेऊन आला. भाईचा. बारा वर्षांत पहिला. "म्हनावं, कोट उसवू नगंस. घरी ये, बसून बोलू."
चोराच्या मनात चांदणं! आप्पांनी बाजारभर केलेलं दिसतंय. करू दे. भाई आता रोज सकाळी दुकान उघडताना दिवस मोजत असेल. मी बारा वर्षं मोजले, त्यानं बारा दिवस मोजावेत. कंडक्टरला म्हणालो, "सांग त्यांना, येतो. वीस तारखेला. बाजारात."
आज भूक सडकून लागली. चार भाकरी.

११ फेब्रु.
पाटस १ ता. २० मि. दोन्ही बाह्या बसवल्या. हात वर करून बघितलं, कुठे ओढत नाही. अब्बा असते तर अंगठ्यानं शिवण दाबून "हं" म्हणाले असते. तेवढंच म्हणायचे ते. त्या एका "हं"साठी मी दिवसभर काज करायचो.
ते "हं" भाईनं माझ्याकडून चोरलं. दुकान ठेव बाबा तुझं, ते मी सोडलं. हे नाही सोडणार.

१४ फेब्रु.
कोट झाला. उरला डावा खांदा, तो आप्पांसाठी.
पण आज डोक्यात एक किडा शिरला. गार्डानं ब्रेक तपासल्याशिवाय झेंडी दाखवायची नसते. दोरा कुजून गळून पडला असला तर? चार माणसांसमोर आत काहीच निघालं नाही, तर मी परत काखफाड्या, तोही दुप्पट. वीतभर उसवून बघावं, पिवळा दिसला की परत शिवून टाकावं. कुणाला कळणार आहे?

१५ फेब्रु.
केडगाव लूप. किती वेळ ते लिहिलं नाही.
पांढरा आहे.

१६ फेब्रु.
पुन्हा बघितला. धुऊन पिवळ्याचा पांढरा झाला असेल म्हणून उन्हात धरून बघितला. हा कोट कधी धुतलेलाच नाही. पांढराच. सुरुवातीला दोन उलटे टाके, गाठ नाही. गाठ न मारणारा हात आमच्या घरात एकच होता.
म्हणजे अब्बांनी कापला. सुईत दोरा ओवता येत नव्हता त्या माणसानं. आणि मी पाबळहून आलो तेव्हा दोघांनीही मला सांगितलं नाही. मान खाली घातली ती माझ्या लाजेनं नाही, स्वतःच्या. त्यांना माहीत होतं!
आता कुणाचा वचपा काढू? कबरीचा?

१७ फेब्रु.
रजा टाकून शिरूरला गेलो. बारा वर्षांनी दुकानाची पायरी चढलो. भाईचे केस पार पिकले. माझ्या काखेतली पिशवी बघून त्यानं मशीन थांबवलं.
"उसवलास?"
"व्हय."
"मंग कळलं तुला." त्यानं गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून काढून दिलं, दुकानाची फळी ओढून घेतली. "अब्बा हट्टाला पेटले. म्हनले, आप्पाचा पहिला कोट म्याच शिवला व्हता, ह्योबी मीच कापनार. मी न्हाई म्हनलं. तरी दुपारी मी नमाजाला गेलो तवा त्यांनी कात्री घेतली."
"मग माझं नाव का घेतलंस?" आयुष्यात पहिल्यांदा भाईला अरेतुरे केलं.
"अब्बांना दिसत न्हाई म्हनून सांगू बाजारात? चाळीस वर्सं कापलं त्या मानसानं. माझं नाव सांगितलं असतं तर दुकानच बसलं असतं. खायचं काय सगळ्यांनी? तू सतरा वर्सांचा. वाटलं, चार दिस हसतील अन् इसरतील."
म्हणजे आमच्या घरात सगळ्यात स्वस्त नाव माझं होतं. तसं तोंडावर म्हणालो. त्यानं मान डोलावली.
"अन् नंतर? बारा वर्षांत एक पोस्टकार्ड?"
"अब्बांनी शप्पत घातली व्हती. ते रोज म्हनायचे, रशीदला मी सांगतो, मीच सांगतो. सांगायच्या आधीच गेले. मंग मी कशाच्या तोंडानं सांगू?"
मी रडलो नाही. त्याला दोन मुस्काटात द्याव्या असं फार वाटलं. दिल्या नाहीत, पिशवी उचलली.
त्यानं पेटीतून रीळ काढलं, सुईत ओवलं. त्यालाही आता चष्मा लागतो. माझ्यापुढे धरलं. पिवळा.
"पांढरा काढ, ह्यो घाल. बाजारात म्हनंन, मी कापला, मी खोटं बोललो. तुझं बी काम व्हईल. पर अब्बांचं नाव ऱ्हाऊ दे."
मी सुई घेतली. का घेतली ते विचारू नये.

१८ फेब्रु.
ड्यूटी. बोरीबेलला दीड तास लूप. कोट मांडीवर, खांदा उघडा. एक टाका नाही घातला.
बारा वर्षं जे मागत होतो ते त्यानं आपण होऊन विड्याच्या पानासारखं हातावर ठेवलं. असा कुणी सूड देतं का? हिसकावून घ्यायचा असतो तो. त्यातही माझी मजा घालवली.
पांढरा ठेवला तर खरं निघेल. आप्पा म्हणतील, म्हाताऱ्यानं पोराला पुढं केलं व्हय! आणि मग बाजारात अब्बांना नाव पडेल, मेल्यानंतर. पिवळा घातला तर भाईचं दुकान दोन महिन्यांत बसेल, त्याच्या दोन पोरी लग्नाच्या आहेत. आणि लाल घालायला मी काही पीर नाही. लाल घालणार नाही, एवढं नक्की.

१९ फेब्रु.
जैबूनला सगळं सांगितलं. वाटलं म्हणेल, माफ करा. ती म्हणाली, "तुमच्या तिघांत खोटं बोलला न्हाई असा एकच. तोच का झुरतोय?" आणि पोरीचा झगा पुढे टाकला. तो मात्र पुरा शिवला.

२० फेब्रु., एस.टी.त
सकाळची पहिली गाडी. पिशवीत कोट. काल साहेबांनी रजा देताना विचारलं, युनिफॉर्म झाला का शिवून? म्हणालो, एक खांदा राहिलाय.
अजून राग आहे. दोघांचाही. अब्बांचा जास्त, कारण त्यांना आता काही विचारता येत नाही. शिरूरला उतरलो की भाईच्या दुकानाच्या पायरीवर आप्पा बसलेले असणार, उसवायला चाकू घेऊन, मागे चार माणसं. भाई मशीनवर. कुणीतरी हाक मारणारच, काखफाड्या आला.
मागच्या बाकावरचा म्हातारा विचारतोय, "गार्डसाहेब, बाजाराला व्हय?"
"व्हय बाबा."
न्हावऱ्याला गाडी दहा मिनिटं थांबते. तेवढ्यात पिवळा घालून किंवा पांढराच ठेवून खांदा बंद करता येईल. पांढरा टाका जागेवर आहे. पिवळ्याची सुई कालपासून माझ्या कॉलरला टोचलेली आहे, मान वळवली की लागते.
न्हावरं आलं.