पाळणाघरातलं पांढरं पाणी

सोमवार, ७ एप्रिल २०२५

नळाला पांढरं पाणी आलं! आणि त्यातले दोन घोट मल्हार प्यायला.

आज पाचव्या दिवसाचं पाणी. अकराला आलं, मध्येच गेलं, पुन्हा आलं. मी हंडा घासत होते तेवढ्यात या साडेतीन वर्षांच्या कार्ट्याने स्वयंपाकघरातल्या नळाखाली पेला धरला. पाणी ताकासारखं! भडाभडा ओकला. त्याला उचलून जिना उतरले. खाली साड्यांना खळ-पॉलिश करणाऱ्या महेश्वरअण्णांना ओरडले – वर पोरं एकटी आहेत, बघा जरा! – आणि रिक्षात बसले.

डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, रात्रीपर्यंत नजर ठेवा. त्याची आई रेश्मा धावत आली, माझ्या कडेवरून त्याला घेतलं आणि निघाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

परत येताना अण्णांच्या दुकानात खळीचा टब दिसला. पांढराशुभ्र! वर नळ, नळाला नळी. माझं डोकंच फिरलं. पोरांना न्यायला आलेल्या आयांसमोर, अर्ध्या नवी पेठेला ऐकू जाईल असं बोलले. "तुमची खळ गेली पोराच्या पोटात!" अण्णा एवढंच म्हणाले, "बरं, बाई. पोरगं कसं हाय?"

मंगळवार, ८ एप्रिल

सकाळी रेश्माचा फोन – "रात्री दोन पोळ्या खाल्ल्या त्यानं." देवा! दार लावून पोटभर रडले.

पण बारांतली चार पोरं आज आली नाहीत. नऊ वर्षं जपलेलं पाळणाघर. असंच चाललं तर कुलूप लावावं लागेल.

बुधवार, ९ एप्रिल

निंगप्पा प्लंबर सगळी बिल्डिंग फिरला. म्हणाला, "पानी येतंय तसं माघारी बी जातंय की!" पाणी गेलं, त्यात खालच्या मोटरी चालू असल्या की पाइप रिकामा होतो. मग कुठे नळी बुडलेली असेल तर तिथलं पाणी उलटं ओढतो, आणि पुन्हा पाणी आलं की तेच दुसऱ्या नळातून बाहेर. त्याला उपाय नॉन-रिटर्न व्हॉल्व. आलेलं पाणी परत जाऊ देत नाही.

अण्णा लगेच म्हणाले, "पयला माज्या दुकानाला बसवा." मन खात असणार!

"अण्णांची नळी तर टबाच्या वर बांदलेली हाय," निंगप्पा म्हणाला. आता बांधली असेल, मी म्हटलं.

शनिवार, १२ एप्रिल

काल अण्णांकडे व्हॉल्व बसला. आज पाणी आलं – स्वच्छ! पहिला हंडा ओतून दिला, दुसरा उजेडात धरून पाहिला. काचेसारखं! आयांच्या ग्रुपवर फोटो टाकला. चौघांपैकी तिघं सोमवारपासून येणार. छातीवरचा धोंडा उतरला.

मोरीतली नळी कोणीतरी खिळ्याला टांगून ठेवली होती, त्यामुळे फरशी पुसायची बादली भरलीच नाही. पुन्हा बादलीत सोडली, फिनेल घालून ठेवलं, नळ उघडा – नेहमीसारखं. पाचव्या दिवशी येणारं पाणी वाया कशाला घालवा?

गुरुवार, १७ एप्रिल

परत पांढरं!!

नशीब, पहिला हंडा हल्ली कोणाला देत नाही. निंगप्पाला बोलावलं. त्याने हंड्यात नाक घातलं. "बाई, ही खळ न्हाय. फिनेल हाय."

कोरोनात मला वास यायचा बंद झाला, तो अजून येत नाही. मोरीत जाऊन त्याने बादली दाखवली. नळी पार तळाला.

मीच. माझीच नळी, माझंच फिनेल.

शनिवार, १९ एप्रिल

रेश्माला सगळं सांगितलं. वाटलं, पोराला घेऊन जाईल. ती म्हणाली, "आमच्या मोरीत पण अशीच असते हो ताई. आज जाऊन काढते." तोवर मल्हार आत पळालासुद्धा!

अण्णांच्या पायरीपर्यंत गेले. परत फिरले.

मंगळवार, २२ एप्रिल

आता माझ्या मोरीच्या नळालाही व्हॉल्व. आज पाणी आलं तेव्हा निंगप्पाने बादलीत नीळ कालवली, नळी मुद्दाम बुडवली, बिल्डिंगचा कॉक बंद करून खालची मोटर लावली. मग कॉक उघडला. स्वयंपाकघरात मी नळाखाली पातेलं धरून. श्वास रोखून!

निळा थेंब नाही. एकसुद्धा नाही!

"तरी बी नळी वर बांदा," म्हणाला. बांधली, बादलीच्या वीतभर वर. चौथं पोरही आज आलं. बाराच्या बारा! आज गाढ झोपणार.

बुधवार, २३ एप्रिल

अण्णांची माफी मागितली. त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली. "मला म्हाईत हुतं की. तुमी दवाखान्यात गेला तवा पोरांपाशी बसलो न्हवं, मोरीत फिनेलचा वास आला, नळी बादलीत बुडलेली. नळी मीच टांगली खिळ्याला. वाटलं, तुमाला समजंल."

"मग बोलला का नाहीत?"

"समद्या आया उभ्या हुत्या, बाई. माज्या खळीचं काय जातंय? तुमचं पाळणाघर मोडलं असतं."